चीनमध्ये ८५ टक्के सरकारी खर्च खालची सरकारं करतात. मग सत्ता नेमकी आहे कुठे?

चावडीकर (धागाकर्ता)

विकेंद्रीकरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, ग्रामसभा, सरपंचाची निवडणूक असं सगळं एकदमच येतं. विकेंद्रीकरण म्हणजे लोकशाहीचाच खालचा मजला, असं आपण धरून चालतो. चीनकडे पाहिलं की या समजुतीला धक्का बसतो.

तिथे सरकारच्या पाच पातळ्या आहेत. केंद्र, मुख्य भूमीवरचे ३१ प्रांत, त्यांखाली तीनशेहून जास्त प्रांतविभाग, त्यांखाली अठ्ठावीसशेच्या आसपास तालुके (आकाराने आपल्या तालुक्याहून बरेच मोठे) आणि सगळ्यात खाली अडतीस हजारांच्या आसपास गणसरकारं (काही गावं किंवा छोटं शहर मिळून एक गण). गाव ही सरकारची पातळीच नाही. देशातल्या एकूण सरकारी खर्चापैकी सुमारे ८५ टक्के खर्च केंद्राच्या खालच्या पातळ्या करतात. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, इतकंच काय, निवृत्तिवेतनसुद्धा बरंचसं खालीच बघितलं जातं. इतका खर्च खाली सोडणारी लोकशाही राष्ट्रं शोधावी लागतील. आणि तरीही या प्रत्येक पातळीवरचा प्रमुख वरच्या पातळीची कम्युनिस्ट पक्षसमिती ठरवते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ज्याला सत्तेत वाटेकरी नको आहे, तो पैसा आणि निर्णय खाली का सोडतो? सोडल्यावर ताबा कसा ठेवतो? आणि गावातल्या माणसाच्या हाती यातून काही लागतं का?

चीनच हवा असं नाही. दुसऱ्या देशांची माहिती असेल तर जरूर लिहा.

तळटीप

चांगला विषय. आधी त्या ८५ टक्क्यांबद्दल, कारण हा आकडा एकटा घेतला तर फसवतो.

खर्च खाली होतो, पण वसुली तितकी खाली राहत नाही. खालच्या सरकारांच्या वाट्याला एकूण महसुलाचा निम्म्याहून थोडाच जास्त भाग येतो. मधली दरी केंद्राच्या अनुदानाने भरायची. ही दरी १९९४ साली मुद्दाम तयार केली गेली.

त्याआधी मक्त्याची पद्धत होती. प्रांताने केंद्राला ठरलेली रक्कम द्यायची, वरची कमाई स्वतःकडे ठेवायची. साहजिकच प्रांत कर वसूल करण्यात ढिलाई करायचे, कारखान्यांना सूट द्यायचे आणि तोच पैसा दुसऱ्या नावाने, हिशेबाबाहेर, आपल्याकडे वळवायचे. १९९३ पर्यंत एकूण महसुलातला केंद्राचा वाटा २२ टक्क्यांवर आला. उपपंतप्रधान झू रोंगजी अधिकाऱ्यांचा ताफा घेऊन दोनेक महिने प्रांताप्रांतांत वाटाघाटी करत फिरले. नवी विभागणी अशी ठरली: मूल्यवर्धित कराचे ७५ टक्के केंद्राला, २५ टक्के खाली, उपभोग कर पूर्ण केंद्राचा. जुन्या उत्पन्नाची भरपाई मिळेल, मात्र पुढे कर १ टक्का वाढला तर परतावा ०.३ टक्काच वाढेल.

भरपाई कोणत्या वर्षाच्या आकड्यावर मोजायची यावर खरी झुंज झाली. केंद्राला १९९२ हवं होतं, ग्वांगदोंग प्रांताने १९९३ मागितलं आणि ते मान्य झालं. निर्णय झाला तेव्हा १९९३ चे काही महिने उरले होते. त्या महिन्यांत सगळ्या देशात खालची करवसुली एकाएकी उसळली. जुनी थकबाकी निघाली, पुढच्या वर्षाचा कर आधीच घेतला गेला, कारण पायाभूत आकडा जितका फुगेल तितकी कायमची भरपाई जास्त. वरून हुकूम निघाला की खाली तो निमूट पाळला जातो, या कल्पनेला हा एकच प्रसंग पुरेसा आहे.

१९९४ मध्ये केंद्राचा वाटा २२ वरून थेट ५५ टक्क्यांच्या पुढे गेला. जबाबदाऱ्या मात्र होत्या तिथेच, खाली राहिल्या.

रुई

वाचनखूण साठवली. त्या दरीचं पुढे काय झालं तेही कोणी लिहा.

काळी माती

दरी जमिनीने भरली. कशी, ते क्रमाने सांगतो.

शहरी जमीन सरकारची, खेड्यातली जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. गावाला ती थेट बिल्डरला विकता येत नव्हती. आधी तालुका किंवा शहर सरकारने ती ताब्यात घ्यायची, मग सरकार तिचा वापरहक्क विकणार: घरांसाठी ७० वर्षं, उद्योगासाठी ५०, व्यापारासाठी ४०. शेतकऱ्याला भरपाई पिकाच्या हिशेबाने. जुन्या कायद्यात भरपाई आणि पुनर्वसन मिळून मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नाच्या ३० पट ही कमाल मर्यादा होती. बाहेर लिलाव मात्र शहरी बाजारभावाने. मधला फरक स्थानिक सरकारचा, आणि १९९४ च्या विभागणीत यातलं केंद्राला काही द्यावं लागत नव्हतं.

पुढची पायरी कर्जाची. १९९४ च्या अंदाजपत्रक कायद्याने स्थानिक सरकारांना कर्ज काढायला बंदी होती. म्हणून त्यांनी स्वतःच्या मालकीच्या कंपन्या काढल्या. कंपनीच्या नावावर जमीन करायची, ती बँकेत तारण ठेवायची, आलेल्या पैशातून रस्ते, गटारं, मेट्रो करायची, त्यामुळे शेजारच्या जमिनीचा भाव वाढणार, ती विकायची, कर्ज फेडायचं. २००८ च्या जागतिक मंदीत केंद्राने ४ लाख कोटी युआनची योजना जाहीर केली, पण स्वतःच्या तिजोरीतून त्यातले १.१८ लाख कोटीच देणार होतं. बाकीचं खालच्यांनी उभं करायचं. या कंपन्यांचं पीक तेव्हा आलं.

हे चक्र जमिनीचा भाव चढता असेपर्यंतच फिरतं. जमीन विक्रीचं उत्पन्न २०२१ मध्ये ८.७ लाख कोटी युआन होतं, २०२४ मध्ये ४.९ लाख कोटींच्या आत आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला १० लाख कोटी युआनची कर्जबदल योजना आणावी लागली. तेव्हा सरकारने कबूल केलेलं लपलेलं कर्ज १४.३ लाख कोटी होतं. बाहेरचे अंदाज याच्या कितीतरी पुढे जातात.

गावकरी आणि सरकार यांच्यातल्या बहुतेक मोठ्या संघर्षांचं मूळ त्या ३० पटींच्या मर्यादेत आहे. ती मर्यादा २०२० पासून काढली, पण तोवर शहरांलगतची बरीच जमीन जाऊन चुकली होती.

गावठाण

माहिती उत्तम, पण याला विकेंद्रीकरण म्हणायला माझा विरोध आहे. मालकाने मुकादमाला सांगितलं, 'काम तू कर, खर्च तू भागव, कमी पडलं तर तुझं तू बघ,' तर मालकी वाटली गेली असं होत नाही. कामाची वाटणी वेगळी, सत्तेची वेगळी. ज्याला मुकादम हटवता येतो त्याच्याकडे सत्ता.

तळटीप

@गावठाण, अर्धं मान्य. मुकादमाला इतकी मोकळीक होती की त्याने मालकाचे नियमही बदलायला लावले. दोन उदाहरणं देतो.

१९७८ च्या अखेरीस अनह्वी प्रांतातल्या श्याओगांग गावात १८ कुटुंबांनी सामूहिक शेती गुपचूप आपसांत वाटून घेतली. तेव्हा तो गुन्हा होता. तालुका आणि प्रांताच्या प्रमुखांनी डोळेझाक केली, उत्पादन वाढलं आणि काही वर्षांत तीच पद्धत देशाचं धोरण झाली.

दुसरं शेन्झेनचं. १ डिसेंबर १९८७ ला तिथे जमिनीच्या वापरहक्काचा पहिला जाहीर लिलाव झाला. साडेआठ हजार चौरस मीटरचा तुकडा ५२ लाख ५० हजार युआनला गेला. त्या दिवशी राज्यघटनेत जमीन हस्तांतराला बंदी होती. घटना बदलली एप्रिल १९८८ मध्ये, म्हणजे लिलावानंतर. @काळी माती यांनी सांगितलेल्या चक्राची सुरुवात या नगराच्या धाडसातून झाली.

चावडीकरांच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. इतक्या मोठ्या देशात काय चालेल हे वर बसून कळत नाही. एका तालुक्यात करून बघायचं. जमलं तर श्रेय केंद्राचं, फसलं तर तो तालुका चुकला. निवडणुकीत हरायची भीती नसली तरी दंगलीची, दुष्काळाची, बंडाची भीती असतेच. राग खालीच अडावा हाही हेतू असतो.

लेखाशीर्ष

दुसरा प्रश्न ताब्याचा. त्याचं यंत्र गुणपत्रिकेचं आहे.

वर्षाच्या सुरुवातीला तालुकाप्रमुख आणि गणप्रमुख एका उद्दिष्टपत्रावर सही करतात. प्रत्येक कामाला गुण. साधारण तीन प्रकार असतात: सौम्य उद्दिष्टं (संस्कृती, वृद्धांची काळजी वगैरे), कडक उद्दिष्टं (करवसुली, गुंतवणूक, उत्पादनवाढ) आणि तिसरा प्रकार नकाराधिकाराचा. यात एक बाब जरी नापास झाली तरी बाकीचं सगळं शून्य, त्या वर्षी बढती नाही, बक्षीस नाही. कुटुंबनियोजन आणि सामाजिक शांतता वर्षानुवर्षं या यादीत होती. नंतर प्रदूषण, कामाच्या जागेवरची सुरक्षितता अशी भर पडली.

जोडीला १९८४ चा बदल लक्षात घ्या. आधी प्रत्येक पातळी आपल्या खालच्या दोन पातळ्यांच्या नेमणुका करायची. त्या वर्षी ते एकावर आणलं. केंद्राने प्रांताचे प्रमुख नेमायचे, प्रांताने विभागाचे, विभागाने तालुक्याचे. त्यामुळे तालुकाप्रमुखाचं भवितव्य सर्वस्वी विभागाच्या हातात गेलं. बीजिंग लांब राहिलं आणि जनता तर त्याहून लांब.

बिघाड कुठे होतो तेही या रचनेतूनच कळतं.

एक, जे मोजलं जातं तेच केलं जातं. दिसणारे रस्ते, चौक आणि औद्योगिक वसाहती होतात, मलनिस्सारण मागे पडतं. प्रमुख तीन-चार वर्षांत बदलून जातो. कर्ज पुढच्याच्या गळ्यात, उद्घाटनाचे गुण याच्या पदरात.

दोन, आकडे खोटे होतात. ल्याओनिंग प्रांताने जानेवारी २०१७ मध्ये जाहीर कबुली दिली की २०११ ते २०१४ या काळातले महसुलाचे आकडे फुगवले होते. पुढच्या वर्षी अंतर्मंगोलियाने आणि त्यानजीकच थ्येनजिनच्या बिनहाय भागाने तशीच कबुली दिली. फुगवलेल्या आकड्याचा त्रास पुन्हा खालीच होतो, कारण पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट त्यावर ठरतं आणि अनुदान त्यामुळे कमी मिळतं. २०१९ पासून प्रांतांच्या एकूण उत्पादनाचा हिशेब केंद्राचं सांख्यिकी कार्यालय स्वतः करू लागलं.

तीन, आणि हे जिवावर बेतणारं: वाईट बातमी वर जात नाही. शांततेचे गुण जातील म्हणून तक्रारदाराला वाटेतच अडवायचं, साथीची बातमी दाबायची. २७ जानेवारी २०२० ला वूहानचे महापौर सरकारी वाहिनीवर म्हणाले की स्थानिक सरकार म्हणून माहिती मिळाली तरी परवानगी मिळाल्यावरच ती जाहीर करता येते. कायद्याने ते बरोबरच बोलत होते. कोटीहून जास्त वस्तीच्या शहराचा कारभार हाती, पण साथ आली आहे हे सांगायचा अधिकार नव्हता.

रुई

शेवटचं वाक्य वाचून सुन्न व्हायला झालं. खर्चाचे ८५ टक्के एकीकडे आणि हे एकीकडे.

कमळताल

गणपातळीवरच्या कर्मचाऱ्यांत एक म्हण आहे: 'वर हजार धागे, खाली एक सुई.' शेती, शिक्षण, पोलीस, करखातं अशा प्रत्येक खात्याची वरून खाली एक उभी साखळी असते आणि त्याच जागी स्थानिक सरकारची आडवी सत्ता असते. गणातल्या शेती कर्मचाऱ्याला तालुक्याचं शेतीखातंही आदेश देतं आणि गणप्रमुखही. दोघांचं पटलं नाही तर? पगार ज्याच्या हातात त्याचं ऐकायचं. म्हणून केंद्राला एखादं खातं हातात घ्यायचं असलं की ते पगार आणि नेमणूक आडव्या सत्तेकडून काढून उभ्या साखळीत टाकतं. १९९४ ला करखात्याचं तसंच केलं: केंद्राचं वेगळं, स्थानिक वेगळं. २०१८ ला दोन्ही पुन्हा एक झाली, केंद्राच्या प्रमुख नियंत्रणाखाली.

(इथेही एका धाग्यात हजार धागे चालले आहेत, पण विणकाम छान जमतंय.)

२००६ ला शेतकऱ्यांवरचा शेतीकर रद्द झाला, त्याचाही गणांवर मोठा परिणाम झाला. त्याआधी गावाच्या तीन आणि गणाच्या पाच अशा आठ नावांच्या पट्ट्या शेतकऱ्याकडून घेतल्या जात. नियमाने मागच्या वर्षीच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत, प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त. त्या बंद झाल्या हे फार चांगलं झालं. पण गणाचं स्वतःचं उत्पन्न आटलं आणि त्याचं खातं तालुका सांभाळू लागला. सुई राहिली, हातात दोरा उरला नाही.

चावडीकर

सगळ्यांचे आभार. @गावठाण यांचा मुद्दा मनात ठेवून विचारतो: चीनच्या खेड्यांत निवडणुका होतात असं वाचलं आहे. त्या खऱ्या की देखाव्याच्या?

गावठाण

त्या खऱ्या होत्या. म्हणूनच त्यांचं पुढे जे झालं त्याचं वाईट वाटतं.

सुरुवात सरकारने केलेली नाही. १९८० च्या सुमारास लोककम्यून (सामूहिक शेती आणि गावकारभार चालवणारी सरकारी एककं) मोडीत निघाली आणि गावात कोणाचाच वचक उरला नाही. ग्वांगशीतल्या हझाय गावात गुरं चोरीला जाऊ लागली, जंगल तोडलं जाऊ लागलं. तेव्हा एका वाडीतल्या ८५ घरांनी घरटी एक प्रतिनिधी जमवून आपली समिती निवडली आणि नियम लिहून त्यावर अंगठे उठवले. १९८२ च्या घटनेत ग्रामसमितीला जागा मिळाली, १९८७ ला प्रायोगिक कायदा आला, १९९८ ला पक्का.

कायद्यातली रीत वाचण्यासारखी आहे. समिती ३ ते ७ जणांची, त्यात स्त्री हवीच. निवडणूक मंडळ गावकऱ्यांनी निवडायचं. मतदारयादी २० दिवस आधी लावायची, हरकत ५ दिवसांत घ्यायची, हरकतीचा निकाल ३ दिवसांत. उमेदवार मतदारांनी थेट सुचवायचे आणि ते जागांपेक्षा जास्त हवेत. गुप्त मतदानाचा आडोसा हवा. निम्म्याहून जास्त मतदार आले तरच निवडणूक वैध, पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मिळाली तरच विजय. जागा रिकामी राहिली तर पुन्हा मतदान, तिथे एक तृतीयांश मतं पुरतात. मोजणी जागच्या जागी. परत बोलवायचीही सोय आहे: एक पंचमांश मतदारांनी मागणी करायची. जीलीन प्रांतातल्या लीशू तालुक्यात तर कोऱ्या मतपत्रिकेवर हवं ते नाव लिहून उमेदवारी ठरवायची पद्धत निघाली. तिला 'सागरी निवड' म्हणतात.

बिघडायचं ते मतपेटीच्या आसपास. फिरती पेटी घरोघर न्यायची, म्हणजे मत उघड्यावर. एका माणसाने जवळच्या तीन नातेवाइकांचं मत द्यायची मुभा, म्हणजे घरातल्या बायकांची मतं कर्त्याच्या हातात. भावकीचं वर्चस्व, सिगारेटची पाकिटं, रोख रक्कम. हे वाचताना आपल्याला काहीच परकं वाटणार नाही.

खरी मेख दुसरीकडे होती. निवडलेल्या समितीशेजारी पक्षाचा गावचिटणीस असतोच, आणि तो निवडून आलेला नसतो. बऱ्याच ठिकाणी गावाचे हिशेब आणि शिक्का गणकार्यालयात ठेवायची पद्धत आली. हाताशी शिक्का नसला तर निवडून येऊन काय करणार?

वरच्या पातळीवर हे जाऊ दिलं नाही. सिचुआनमधल्या बूयुन गणाने डिसेंबर १९९८ मध्ये गणप्रमुखाची थेट निवडणूक घेतली. ती घटनाबाह्य ठरली आणि प्रयोग पसरला नाही. ग्वांगदोंगमधल्या वूकानने २०११ ला जमिनीच्या विक्रीवरून बंड केलं, अधिकाऱ्यांना हाकललं, मार्च २०१२ ला खुल्या निवडणुकीत आंदोलनाचे ज्येष्ठ नेते लिन झुल्वान यांना निवडलं. बरीचशी जमीन परत मिळाली नाही, कारण ते करार गावाच्या हातातले नव्हते. २०१६ ला लिन तुरुंगात गेले.

आता चिटणीस आणि समितीप्रमुख एकच माणूस असावा असं धोरण आहे. तालुका आधी उमेदवारांची चाळणी करतो. २०१८ ला मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. नव्वद टक्क्यांहून जास्त गावांत आज दोन्ही पदं एकाच खांद्यावर आहेत.

लेखाशीर्ष

@गावठाण, सविस्तर लिहिलंत. एक भर: गावाच्या हिशेबावर नजर ठेवणारी वेगळी देखरेख समिती ही कल्पनाही खालूनच आली. झेजियांगमधल्या होउचेन गावात २००४ ला पहिली झाली, २०१० ला कायद्यात आली. पावतीवर तिचा शिक्का असल्याशिवाय खर्च मंजूर नाही. समितीत प्रमुखाचे नातलग चालत नाहीत. साधी सोय आहे, पण गावातला माणूस ती वापरू शकतो.

सिंधुसागर

चीनबाहेरचं एक उदाहरण, कारण त्यात उलटीच गंमत दिसते. पाकिस्तानात लष्करशहांनी स्थानिक संस्था उभ्या केल्या आणि निवडून आलेल्या सरकारांनी त्या मरू दिल्या.

अयूब खान यांनी ऑक्टोबर १९५९ ला 'मूलभूत लोकशाही'चा हुकूम काढला. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तानात ४०-४० हजार, एकूण ८० हजार प्रतिनिधी, साधारण हजार माणसांमागे एक. ते खालच्या युनियन कौन्सिलात (काही गावांच्या मिळून एका मंडळात) निवडून यायचे. वर तहसील, जिल्हा, विभाग अशी चढण, पण तिथल्या खुर्च्यांवर सरकारी अधिकारी. फेब्रुवारी १९६० ला याच ८० हजारांकडून अयूब यांनी ९५ टक्क्यांवर विश्वासमत घेतलं. १९६२ च्या घटनेने त्यांनाच राष्ट्राध्यक्षाचे मतदार केलं. जानेवारी १९६५ ला अयूबविरुद्ध उभ्या राहिलेल्या फातिमा जिना (महंमद अली जिनांची बहीण) हरल्या त्या याच मतदारांकडून. ८० हजार माणसं सांभाळणं कोट्यवधींपेक्षा सोपं. त्यांच्या हातात रस्त्यांचे, मोऱ्यांचे, कालव्यांचे पैसे दिले की झालं.

कामं मात्र झाली, हे नाकारता येत नाही. पूर्व पाकिस्तानात कोमिल्लाला अख्तर हमीद खान यांच्या ग्रामविकास अकादमीने युनियन कौन्सिलच्या प्रकल्पसमित्यांमार्फत कोरड्या महिन्यांत मातीकाम घ्यायची पद्धत बसवली. पैसा अमेरिकी धान्यमदतीच्या विक्रीतून यायचा. हंगाम नसताना मजुरी, पावसाआधी बांध आणि रस्ते. पण १९६८-६९ च्या उठावात लोकांचा राग या प्रतिनिधींवरही निघाला, कारण ते अयूबचे मतदार होते.

झिया यांनी १९७९ ला पुन्हा स्थानिक निवडणुका घेतल्या, पक्षांना वगळून. मुशर्रफ यांनी १४ ऑगस्ट २००१ पासून नवी पद्धत आणली. जिल्हा नाझिम (जिल्ह्याचा प्रमुख) निवडून आलेला, डेप्युटी कमिशनरचं पद रद्द, जिल्ह्याचा मुख्य अधिकारी नाझिमला जबाबदार, स्त्रियांना ३३ टक्के जागा. कागदावर आपल्या जिल्हा परिषदेच्याही पुढचं. तिन्ही वेळा पैसा आणि सत्ता जिल्ह्यात गेली ती मधल्या प्रांताला आणि पक्षांना डावलून. म्हणून २००८ नंतर पक्षांची सरकारं आल्यावर प्रांतांनी मुदत संपलेल्या संस्थांच्या निवडणुका लांबवल्या. पंजाब आणि सिंधमध्ये पुन्हा निवडणुका व्हायला २०१५ उजाडलं.

काळी माती

यात आपल्यालाही मान खाली घालायला लावणारं आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हातात होत्या, मुंबई महापालिका तर तीन वर्षांहून जास्त. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. निवडून आलेल्या राज्य सरकारालाही खालचा निवडून आलेला वाटेकरी नकोच असतो.

गावठाण

+१. पण फरकही नोंदवा: आपल्याकडे कोर्टात जाता आलं.

माणदेशी

अवांतर वाटेल, पण धाग्याच्या विषयाला धरूनच आहे. राजाने आपणहून सत्ता खाली दिल्याचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे: औंध संस्थान. ७२ गावं, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती, मुलूख सातारा, सांगली, विजापूर असा विखुरलेला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये 'स्वराज्य' घटना लागू केली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा पाठपुरावा आणि राजपुत्र अप्पासाहेब पंतांची मेहनत होती. रचना खालून वर: गावाने पाच पंच निवडायचे, गावांच्या प्रमुखांची तालुका समिती, तालुक्यांतून विधिमंडळ. अयूबच्या रचनेतही पायऱ्या जवळपास याच आहेत. तिथे वरच्या खुर्च्यांवर अधिकारी बसवले, इथे निवडलेली माणसं, आणि राजाने स्वतःचा अधिकार आकसून घेतला.

आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत याच काळातली. कैद्यांना कुलपाविना ठेवायचा तो प्रयोग आजही चालू आहे.

घटना मात्र नऊ वर्षं टिकली. मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि तिथले कायदे लागू झाले. पंचायतींना मिळालेले अधिकार राजाच्या घटनेवर उभे होते. राज्य गेलं तशी ती घटनाही गेली.

तळटीप

@माणदेशी, अजिबात अवांतर नाही. वरून मिळालेली देणगी देणाऱ्याबरोबर जाते, हे बूयुनलाही लागू आहे आणि मुशर्रफच्या नाझिमांनाही.

व्हिएतनामचं थोडक्यात. १९९७ ला थाय बिन्ह प्रांतात शेतकरी गावअधिकाऱ्यांच्या पट्ट्यांविरुद्ध आणि जमिनीच्या घोटाळ्यांविरुद्ध उठले. १९९८ ला सरकारने तळागाळातल्या लोकशाहीचा हुकूम काढला: लोकांना कळावं, लोकांनी चर्चा करावी, लोकांनी करावं, लोकांनी तपासावं. गावाचा जमाखर्च आणि जमिनीचा आराखडा फळ्यावर लावणं सक्तीचं झालं. २००९ ला १० प्रांतांत जिल्हा आणि प्रभाग पातळीवरच्या लोकपरिषदा बंद करून बघितल्या. अभ्यासात असं दिसलं की तिथे काही सेवा सुधारल्या, कारण त्या परिषदा लोकांपेक्षा स्थानिक अधिकाऱ्यांच्याच सोयीच्या झाल्या होत्या. १ जुलै २०२५ पासून जिल्हा ही पातळीच काढली, ६३ प्रांतांचे ३४ केले आणि दहा हजार गावसरकारांची ३,३२१ केली. इतका मोठा फेरबदल काही महिन्यांत उरकता येतो, कारण हरकत घ्यायची जागा नाही.

रुई

चावडीकरांचा तिसरा प्रश्न अजून बाकी आहे. गावातल्या माणसाच्या हाती काय लागतं?

गावठाण

चीनपुरतं सांगता येतं. तिथल्या गावांच्या पाहण्यांत असं दिसलं की निवडणुका सुरू झाल्यावर गावाचा स्वतःचा खर्च शाळा, पाणी, पाटाकडे वाढला, आणि जमीन घेण्यासारख्या नकोशा धोरणांची अंमलबजावणी सैल झाली. यातल्या दुसऱ्या गोष्टीमुळेच वरच्यांना निवडणुका नकोशा झाल्या.

चार प्रांतांतल्या ३१६ गावांच्या एका अभ्यासात आणखी वेगळं निघालं. जिथे सगळ्या गावाचं मिळून एक देऊळ आणि त्याची समिती आहे, आणि गावचे अधिकारीही त्या समितीत वावरतात, तिथे रस्ते आणि शाळा जास्त चांगल्या. चर्च असलेल्या गावांत तसं दिसलं नाही, कारण पक्षाच्या माणसाला चर्चमध्ये जाता येत नाही. चिटणिसाला मतांची भीती नाही, पण उत्सवाच्या दिवशी चार माणसांत तोंड दाखवायचं असतं. आपल्याकडे जत्रेच्या पंचकमिटीचा वचक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल.

चावडीकर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. @गावठाण, तुमचा आक्षेप आता मला मान्य आहे. पैसा आणि काम खाली, जाब मात्र वरच. मधल्या फटीत जे लोकांचं झालं ते झालं: हझायची समिती, होउचेनचा शिक्का, देवळाची पंचमंडळी.

एक धागा मात्र सुटतोय. जमिनीचा पैसा आटला, तर तालुके उद्या पगार कशातून देणार?

काळी माती

मार्ग एकच दिसतो, घरपट्टी. शांघाय आणि छोंगछिंगमध्ये २०११ पासून ती मर्यादित घरांवर चालू आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने आणखी शहरांत पाच वर्षांच्या प्रयोगाला मंजुरी घेतली, पण सुरू केला नाही. घरांचे भाव पडत असताना कर लावायची भीती हे एक कारण. दुसरं जास्त खोल आहे. तिथल्या शहरी माणसाने आजवर बहुतेक कर दिला तो वस्तूच्या किमतीत मिसळलेला. घरपट्टीची पावती दरवर्षी त्याच्या नावाने, त्याच्या दारात येणार, आणि ती हातात घेऊन तो तालुक्याच्या कचेरीत जाऊन विचारणार की आमच्या गल्लीतलं गटार का तुंबलंय.